कापायला आलेली बोट

ग्राइंडर एक वीत आत गेला आणि मी बटण सोडलं.

"काय झालं नाना? पातं तुटलं का?" संपत बाहेरनं ओरडला.

"पातं धड हाय. तू गप उभा राहा जरा."

बोट माझ्या केडगावच्या शेडमध्ये दोन टायरवर टेकलेली होती. नाकापासून चार फुटांवर मी खडूची रेघ मारली होती. त्या रेघेवर बोट कापायची आणि पुढचा तुकडा संपतला द्यायचा, एवढंच काम होतं. संपतचं काष्टीजवळ रोडला मच्छी-थाळीचं नवीन हॉटेल होत होतं. बोटीचं नाक त्याला हॉटेलात काउंटर म्हणून बसवायचं होतं. धरणाकडेच्या एका बंद बंगल्यातून त्यानं ती टेम्पोत घालून आणली. बंगल्याचा राखणदार तिच्यात कोंबड्या कोंडायचा. बाहेरून त्यानं लाल ऑइलपेंट फासला होता, तोही बऱ्याचदा. आतला वास सांगत नाही.

मी शिकलो चौथीपर्यंत. फायबरचं काम मात्र पन्नास वर्षं केलं. टाक्या, दरवाजे, देवळाचे कळस, रसवंतीपुढचे बैल. बोट कधी केली नव्हती. आमच्याकडं कोण बोट सांगतंय?

हे काम मी का घेतलं तेही सांगतो. माझी बायको मालन जाऊन नऊ महिने झाले होते. शेड बंदच होतं. पोरगं पुण्यात असतं, ते म्हणायचं, "आता बास करा." संपत आला तेव्हा म्हटलं, कापायला डोकं लागत नाही. कापू.

आता मी का थांबलो ते. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याची चटई, तिला मॅट म्हणतात. साच्यात मॅट अंथरायची, वर रेझिन, म्हणजे चिकट राळ, लावायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, मग वर दुसरा थर. वाळलं की दगडासारखं होतं. हवा राहिली तर आत बुडबुडे राहतात. वरून रंग मारला की ते कुणाला दिसत नाहीत. पण माल कापला की कडेला सगळं दिसतं. कापलेली कड म्हणजे कारागिराची अक्कल. मी आयुष्यात लई कडा बघितल्या, त्यात माझ्याही आल्या. शरम वाटावी अशाही होत्या.

ह्या कडेला एक बुडबुडा नव्हता. मी चष्मा पुसून बघितलं. मॅट, कापड, मॅट, कापड, सगळे थर सारख्या जाडीचे. पाटीवर रेघा ओढल्यासारखे. ज्यानं कुणी हे केलं त्यानं रोलर टाकून चहाला पळायची घाई केली नव्हती.

आणि दुसरी गोष्ट. खाली जो भुसा पडला होता तो चमकत होता. ओल्या फडक्यानं कड पुसली. लाल पेंटच्या खाली हिरवा रंग निघाला आणि त्या हिरव्यात बारीक सोनेरी कण. फायबरच्या वस्तूचा रंग वरून मारलेला नसतो. साच्यात सगळ्यात आधी रंगाचा थर मारतात, त्याला जेलकोट म्हणतात. म्हणजे ती वस्तूची कातडीच. अशी सोनेरी पूड घातलेली कातडी मी पहिल्यांदा बघत होतो.

"संपत, ही मी कापत न्हाई."

"नाना, चेष्टा करू नका. बावीस दिवसांवर उद्घाटन हाय. पत्रिकेवर बोटीचा फोटू छापलाय मी."

"आधी कळू दे ही काय हाय."

"कोंबड्यांचं खुराडं हाय, दुसरं काय? आमी आणलं तवा आत दोन अंडी पन हुती."

मी त्याला अंडी खा म्हणालो आणि बोटीत चढलो.

खरंच काही कळेना. मासेमारीची बोट म्हणावी तर जाळं ठेवायला जागा नाही. इंजिनाचा खोका मागं असायला पाहिजे, तो बरोबर मधोमध. त्याच्या पुढं तळाला जाड लोखंडी पट्टी, चार बोल्टांची भोकं, मधी गोल भोक. तिथं खांब उभा असणार. बोटीच्या मधी खांब कशाला? राखणदारानं तिथं दोरी बांधून कोंबड्या राखायला कुत्रं ठेवलं होतं म्हणे. ड्रायव्हरशेजारची शीट तर उलटी, मागं तोंड करून बसायची.

"दारू पिऊन बनवली आसंल," संपत म्हणाला.

"दारू पिऊन तू बनशील. ही न्हाई."

जनूभाऊला फोन लावला. तरुणपणी आम्ही दोघं भोसरीला एका फायबरच्या कारखान्यात होतो. पुढं तो रायगडकडे त्याच्या गावी गेला आणि बोटींचा मिस्त्री झाला. संपतनं व्हिडिओ कॉल लावून दिला. जनूभाऊनं नाक बघितलं, खोका बघितला, उलटी शीट बघितली. मग म्हणाला, "खालून दाखव. मधल्या रेषेत फटी आहेत का?"

आम्ही दोघं आडवे पडलो. चिखल खरवडला तर खरंच, एकामागं एक तीन अरुंद फटी.

"त्यात पितळेचे पंख असतात. सरळ रेषेत पळायला," जनूभाऊ म्हणाला. "नान्या, ही स्कीबोट आहे. मधल्या खांबाला दोरी बांधायची. दोरी धरून मागं माणूस पायांत फळ्या घालून पाण्यावरून घसरत जातो. उलट्या शीटवर बसणारा त्याच्यावर लक्ष ठेवतो, पडला की सांगतो."

"आन् खांब मधी का?"

"मागं बसवला तर मागच्या माणसाच्या ओढीनं बोट वळायची बंद होते. मागचा तळ बघ, सपाट आहे का? लाट कमी उठावी म्हणून. नाहीतर मागचा माणूस लाटेत तोंडावर पडेल."

मी तळावर हात फिरवला. वाकडा पत्रासुद्धा मला हाताला कळतो. हा तळ नाकापाशी धारदार होता आणि मागं जाता जाता असा काही सपाट होत गेला की कुठं बदलला ते बोटांना सांगता येईना. मागच्या माणसाच्या पायाखालचं पाणी गप राहावं म्हणून कुणीतरी एवढा विचार केला होता. मी कळसाच्या साच्यातसुद्धा एवढा विचार केला नाही.

जनूभाऊनं आणखी एक सांगितलं. मागच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात वरती, हात फिरवून बघ. पेंटखाली काहीतरी उंच-सखल लागत होतं. संपतनं खिशातली एक पत्रिका काढली, तिची कोरी बाजू वर करून त्यावर धरली आणि मी शिसपेन्सिल घासली. बारा अक्षरं-आकडे उमटले. जनूभाऊनं कुणाला तरी ते पाठवले आणि दुपारपर्यंत उत्तर आलं. बोट अमेरिकेतली. कंपनीचं नाव माझ्या जिभेला वळत नाही. शेवटच्या आकड्यांवरून साल निघतं. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षातली बोट.

"असल्या बोटी आपल्याकडं मी हातावर मोजण्याइतक्यासुद्धा बघितल्या नाहीत," जनूभाऊ म्हणाला. "कापू नको रे."

संपत डोकं धरून टायरवर बसला. त्याचंही चूक नव्हतं. बोट त्याची. हॉटेल त्याचं. उद्घाटनाला आख्खं गाव येणार.

मी त्याला विचारलं, "तुला बोट पाहिजे का काउंटर पाहिजे?"

"काउंटर पाहिजे. बोटीच्या नाकाचा."

"मग नाकाचा साचा काढू. साच्यातनं तुला नवीन नाक ओतून देतो. बोट आख्खी राहील."

"आन् साचा चिकटून बसला तर?"

हे पोरगं अडाणी नव्हतं. खरा धोका तोच होता. साचा काढायचा म्हणजे वस्तूवर मेण घासायचं, वर पीव्हीए नावाचं पातळ औषध मारायचं, ते वाळून कागदासारखा पापुद्रा होतो, आणि त्यावर फायबरचे थर द्यायचे. मेण नीट लागलं तर साचा सुटतो. कुठं कमी पडलं तर तिथं दोन्ही एक होतात, आणि ओढलं की वस्तूची कातडी सोलून येते. जुन्या जेलकोटचा तर काहीच भरवसा नाही.

"चिकटला तर मी सोता कापून देतो," मी म्हणालो. "पन मदतीला तू यायचं. माझ्याकडं आता दुसरं मानूस न्हाई."

तो यायला लागला. सकाळी काष्टीवरून निघायचा, येताना भेळ आणायचा. आधी लाल पेंट काढला. पेंट काढायचं औषध जेलकोटही खातं, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं आणि मग पाणी मारून बारीक पॉलिशपेपर. पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी संपत पेपर मारता मारता शिव्या देत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या बाजूनं हिरवं-सोनेरी चमकायला लागलं, तेव्हा तो गप झाला. पाचव्या दिवशी टेम्पोवाला बोटीला टेकून उभा राहिला, तर त्याच्यावर खेकसला, "बाजूला हो की! टेकायला भिंत न्हाई का?"

मी कापलेली वीतभर जागा आतल्या बाजूनं भरली. कडा लांबपर्यंत तिरक्या घासल्या, थर उतरते दिले. जोड मजबूत झाला. पण माझे थर आणि त्या कारागिराचे थर शेजारी शेजारी बघितले आणि गुमान पॉलिशपेपर उचलला.

मग मेण. आता खरं सांगतो. शेड काढल्यापासून मेण मी घासलं ते एकदाच. ते मालनचं काम. मी घाईचा माणूस. तीन हात झाले की म्हणायचो, चल, बास. ती म्हणायची, सहा. भिंतीवर खडूनं एकेक रेघ मारायची, सहा झाल्याशिवाय मला रेझिन कालवू द्यायची नाही. एकदा ती माहेरी असताना मी तीन हातांवर साचा घेतला. कळस साच्यासकट फोडावा लागला. आल्यावर तिनं भिंतीवर तीन रेघा मारल्या आणि पुढं मोठं भोपळ्यासारखं शून्य काढलं.

तिच्या शेवटच्या कामाच्या सहा रेघा भिंतीवर अजून होत्या. मी त्यांच्या खाली आमच्या मारायला लागलो. दोन हातांच्या मधी तास-तास थांबायचं. लई अवघड जातं ते मला.

नाकाचा साचा दोन फाळ्यांत करावा लागतो, नाहीतर सुटत नाही. डावी बाजू संपतकडं, उजवी माझ्याकडं. सहा रेघा झाल्या, पीव्हीए मारलं, जेलकोट, मग मॅटचे थर. चार दिवस वाळू दिलं.

सुटायच्या दिवशी सकाळी संपत नारळ घेऊन आला. मी म्हणालो, आधी सुटू दे, मग फोड.

डाव्या फाळीत लाकडी पाचर घातली, रबरी हातोडीनं दोन ठोके दिले. टप्प आवाज आला आणि फाळी हातात आली. आतून आरशासारखी. बोटीला ओरखडा नाही.

उजवी हलेना. पाचर घातली, हलेना. दुसरी घातली, नाकाजवळ फट पडली आणि थांबली.

"मोठा हातोडा आनू का?"

"हातोडा आनलास तर तुझ्याच डोक्यात घालीन. पानी आन."

पीव्हीए पाण्यात विरघळतं. फटीत मगानं पाणी सोडत राहिलो. शेवटी पाचरीला हात लावला तसा कट्ट आवाज झाला. मोडल्याचा आवाज आणि सुटल्याचा आवाज सारखाच असतो. संपतनं डोळे मिटले होते.

फाळी सुटली. खालच्या कडेला तळहाताएवढी हिरवी-सोनेरी कातडी साच्याला चिकटून आली होती. तेवढीच. बाकी बोट धड.

संपतनं आधी डावी बाजू बघितली, मग उजवी, मग मला बघितलं.

"नाना, ही बाजू कुनाची वो?"

"माझी."

"सहा हात मारलं हुतं न्हवं?"

"रेघा सहा मारल्या. त्या कोपऱ्यात वाकायला लागतं. तिथं पाचच झाले आसतील."

तो हसला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरतो. नारळ फोडला, खोबरं दिलं.

त्या जागेवर मी साधा बिनरंगाचा जेलकोट भरला. सोनेरी पूड आणून मिसळता आली असती. जनूभाऊ म्हणाला, जुन्या वस्तूत दुरुस्ती लपवायची नसते, पुढच्या मिस्त्रीला कळली पाहिजे. पटलं.

साच्यातून नाक ओतलं, वर सागाची फळी बसवली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काउंटर जागेवर होता. लोकांना तीच बोट वाटली. पाहुण्यांत एक जण म्हणाला, चांगली बोट कापली की रे. संपतनं त्याला हाताला धरून मागं नेलं.

मागं पत्र्याच्या शेडखाली आख्खी बोट उभी होती, लाकडी पाळण्यावर. टायरवर ठेवली तर वजन दोनच जागी येतं आणि तळाचा आकार बिघडतो. आतली आधाराची लाकडं कुजली होती, ती मी पुढच्या दोन महिन्यांत बदलली, पाळण्यातून न हलवता. संपत गिऱ्हाइकांना सांगतो, अमेरिकेची बोट हाय, मागं मानूस पाण्यावरनं पळायचा. दर वेळेला बोटीचा वेग वाढवतो. एकदा माझ्यासमोरच विमानाच्या पुढं नेली. मी जेवत राहिलो.

शेड आता चालू आहे. परवा तिसगावचा एक जण फायबरची जुनी टाकी घेऊन आला, म्हणाला, मधून कापून द्या. मी आधी विचारलं, कशासाठी. तो म्हणाला, म्हशींना पाणी प्यायला. टाकी बघितली. बुडबुड्यांनी भरलेली, कुणीतरी चहाची घाई केलेली. ती कापली.

गिऱ्हाईक काय करायचं ते सांगतं. काय पाहिजे ते सांगत नाही. ते आपण विचारायचं, आणि ग्राइंडर लावायच्या आधी विचारायचं. मी एक वीत उशिरा विचारलं.