सरूनं न सांगितलेली रात्र

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळीची खुरं कापली. तीसुद्धा तीनच. सरूनं शेळीचं मुंडकं काखेत दाबून धरायचं आणि मी खाली बसून कात्रीनं वाढलेलं खूर कापायचं, हे काम आम्ही चाळीस वर्षं असंच केलं. त्या दिवशी सांजेला तिसरं खूर झालं तेव्हा मी मान वर न करता विचारलं, "आता तरी सांग की. हैदराबादला रात्री दोन वाजता काय झालं व्हतं?" ती म्हणाली, "खुराकडं बघा. बोट कापून घ्याल." मग जरा वेळानं म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतंय, चौथं सकाळी करू. सकाळी ती उठलीच नाही.

माझी बायको सरू जाऊन आता सव्वा महिना झाला. मेलेल्या माणसाचं चांगलंच लिहायचं असतं म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, मला तसलं जमत नाही. सरू साधी नव्हती. आणि मी तर अजिबातच नव्हतो.

आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं. इकडचा काळा बोकड लांबलांब जातो. मी वीस-बावीस वर्षं बोकडांचा धंदा केला, टेम्पो भरून कधी मुंबई, कधी हैदराबाद. माल सांजेपर्यंत विकला जायचा आणि परतीचा टेम्पो पहाटे निघायचा. मधली सगळी रात्र माझी. त्या रात्रीसाठीच मी धंदा करत होतो, हे आज कबूल करतो. अंगाला बोकडाचा वास यायचा, म्हणून लॉजच्या नळावर साबण लावून दोनदा आंघोळ करायची, धुतलेला सदरा घालायचा आणि पायी चारमिनारला जायचं. रमजानात तर तिथं रात्र झाली हे कळायचंच नाही. लाखेच्या बांगड्यांची दुकानं अशी चमकायची की डोळे बारीक करून चालावं लागायचं. अत्तरवाला मनगट धरून अत्तर लावायचा, आणि काही न घेता पुढं गेलं तरी रागवायचा नाही. फिरून फिरून पाय दुखले की कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात बसायचं. दाट चहा, वर मलई, बशीत बिस्कीट. तिथला वेटर लांबूनच म्हणायचा, "आओ पटेल, बैठो." पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील. गावात मला तसं कुणी म्हणत नव्हतं. मुंबईला समुद्राच्या कडंला रात्री एक वाजता भेळ खाल्ली, बारमध्ये नाच बघितला, तेही लपवत नाही. तिथं मी कुणाचा नवरा नव्हतो, कुणाचा बाप नव्हतो. उजेडात नुसता फिरत होतो...

परत आलो की आमच्या लिंबाखाली गडी जमायचे. मी रात्रीचं सगळं रंगवून सांगायचो. सरू चहा घेऊन आली की मी गप्प व्हायचो. ती कप ठेवून आत जायची, मग पुढचं चालू. बाईमाणसाला काय सांगायचंय, असं माझं होतं. ती दाराआड उभी राहून ऐकते हे मला माहीत होतं. दाराखालून तिची पावलं दिसायची. ती दिसली की मी आवाज बारीक करायचो.

एकदा रमजानाच्या आधी टेम्पो भरत होतो. पाच-सहा गडी होते. सरू पाण्याची कळशी घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अवो, एकडाव मला बी न्या की. त्येवढी बांगड्यांची दुकानं बघीन."

मी म्हणालो, "चल की. बोकडाशेजारी जागा हाय. पर गिऱ्हाईक चांगलं आलं तर तुला बी इकून येईन, मंग रडायचं न्हाय."

एक जण म्हणाला, "म्हातारी शेळी कोण घेतंय, मालक? वर घरचा चारा द्यावा लागंल!"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. सरूचं वय तेव्हा पस्तीसही नव्हतं. तिनं कळशी खाली ठेवली, सगळ्यांना पाणी दिलं, त्या म्हातारी शेळी म्हणणाऱ्यालाही दिलं, आणि आत गेली. परत कधी तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली.

पुढं माझे गुडघे गेले. धंदा सुटला, दावणीला दोन-चार शेळ्या उरल्या, शेवटी ही एकच. आमची एकुलती लेक मंगल नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादलाच राहते. चार वर्षांमागं ती आईला आठ दिवस घेऊन गेली. मला म्हणाली, "आबा, तुम्ही बघितलंय सगळं. तुम्ही शेळ्या बघा." आठव्या दिवशी सरू आली ती हातात लाखेच्या बांगड्या घालून. मी विचारलं, काय काय बघितलंस? ती म्हणाली, "शहर." झालं. एवढंच.

पण दुपारी आळीतल्या बाया ज्वारी निवडायला आमच्या अंगणात बसल्या की तिचं तोंड थांबायचं नाही. मी गोठ्याच्या भिंतीआड उभा राहायचो. होय, मी. एका दुपारी ऐकू आलं, "आन् मंग रातीचे दोन वाजले बाई, तवा त्यो म्हातारा मला इचारतोय..." पुढचं हळू बोलली, आणि बाया अशा हसल्या की एकीला ठसका लागला. मी पुढं सरकलो तर माझी काठी पत्र्यावर वाजली. सरू लगेच म्हणाली, "उठा गं, दूध चुलीवर हाय." चुलीवर काही नव्हतं.

चार वर्षं मी तिच्या मागं लागलो. त्या दोन वाजता कोण म्हातारा, काय विचारलं त्यानं, बाया कशाला हसल्या? एकदा रागानं ताट भिरकावलं. तिनं ते धुऊन परत वाढलं. एकदा बाजारातून जिलेबी आणली. तिनं पाव किलो जिलेबी माझ्यादेखत सावकाश खाल्ली आणि म्हणाली, "ग्वाड हाय." बायांना विचारलं तर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आजारी पडलो, सलाईन लावलं, तेव्हा म्हणालो, मरायच्या आधी सांग. ती म्हणाली, "तुमी मरत न्हाय एवढ्यात." तिचं खरं झालं.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले. मंगल बांगड्यांचा डबा आवरत बसली होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आईनं सांगू नको म्हणलंय."

"आई गेली तुजी."

"म्हणून काय झालं?" असं म्हणून ती बराच वेळ डबा पुसत राहिली. मग माझ्याकडं न बघता बोलली. "तुमचं ते इराणी हॉटेल आईनं शोधून काढलं. दाराआडून ऐकल्यालं सगळं पाठ होतं तिला. मशिदीकडून दुसरी गल्ली, पुढं घड्याळाचं दुकान. रात्री दोनला आम्ही दोघीच जाऊन बसलो. म्हातारा वेटर म्हणाला, अम्मा, इतनी रात को? साथ में कोई नहीं? तर आई म्हणाली, मेरा आदमी मर गया. तो इधरच बैठता था."

मी म्हणालो, "मी कशानं मेलो म्हणली?"

"टेम्पोखाली. बोकडाच्या." मंगल हसली नाही. "त्याच्या डोळ्यात पाणी आलं, आबा. दोन चहा आणून ठेवले त्यानं. एक तिच्यापुढं, एक रिकाम्या खुर्चीपुढं. मी चिडले, म्हणलं, आई, जित्या माणसाला मारतीस व्हय? तर म्हणते कशी, जिता असता तर हितं बसू दिलं असतं का मला? आन् दोन्ही चहा तीच पिली. रोज गेलो मंग आम्ही. तिथून उठायची न्हाय ती."

मला हसू आलं. खरंच आलं. मंगल डबा घेऊन आत गेली... मी रात्रभर लिंबाखाली बसलो.

सकाळी उठून शेळी सोडली. चौथं खूर तसंच राहिलेलं, तेरा दिवस ती लंगडतच होती. मान धरायला कुणी नव्हतं. मंगलला हाक मारली असती तर ती आली असती, मी मारली नाही. शेळीचं मुंडकं दाव्यानं लिंबाला आवळून बांधलं आणि खाली बसलो. ती लाथा झाडायला लागली. तिला गप्प करायला म्हणून मी काहीतरी बोलायला लागलो, तर तोंडात तेच आलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण रात्र मी नुसता चारमिनारच्या पायरीवर बसलो होतो, हॉटेलात शिरायची भीती वाटली होती, चहा कसा मागायचा ते कळत नव्हतं... हे मी गड्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता कात्री जरा खोल गेली. रक्त आलं. मी अंगठ्यानं दाबून धरलं आणि बोलत राहिलो.

तेवढ्यात पावलं वाजली. मंगल चहा घेऊन आली होती. मी गप्प झालो.

तिनं कप ठेवला आणि आत गेली.