आर्डिसची आखूड बंदूक

आर्डिस हॉवलंडची उंची पाच फुटांना बोटभर कमी, पण हट्ट चांगला सहा फुटी. नवरा नेल्स जाऊन दोन वर्षं झाली होती. तीनशे मेंढ्या, एक बहिरा कुत्रा आणि ओढ्यापलीकडचं कुरण असा सगळा पसारा त्रेसष्टाव्या वर्षी तिच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात वसंतातलं पहिलं हिरवं गवत याच कुरणात उगवायचं. त्यामुळे धाकटा दीर मर्ल याचा जीव त्यात अडकलेला.

त्या वर्षी मेंढ्या वीत असतानाच कानतुट्या उपटला. हा एका कानाचा कोयोट, म्हणजे कोल्ह्यासारखा तिकडचा रानटी प्राणी. दोन आठवड्यांत त्याने अकरा कोकरं उचलली, आणि मर्लला आयतं निमित्त मिळालं.

"वहिनी, हे तुमच्याने निभायचं नाही. कुरण माझ्याकडे द्या आणि घरात मोजे विणत बसा."

"मोजे मला येत नाहीत, भावोजी. बंदूक घ्यावी म्हणते."

नेल्सची जुनी बंदूक तिच्या हाताला लांब पडायची. म्हणून शनिवारी ती डेल्मरच्या बंदुकांच्या दुकानात गेली. मर्लही मागोमाग हजर. जिल्ह्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"बावीसची घ्या," तो म्हणाला. "छोटी, वेगवान गोळी. कातड्याला भोकसुद्धा दिसत नाही."

"कातडं कुणाला विकायचंय? मला कोकरं राखायचीत. आणि आपला वारा असल्या गोळीला शेजारच्या जिल्ह्यात नेऊन टाकतो." तिने डेल्मरकडे पाहिलं. "दोनशे सत्तरची दाखव, जड गोळीची. बंदूक मात्र वजनाला हलकी."

"वहिनी, ती लाथ मारते!"

"नेल्सची घोडीसुद्धा मारायची. सवय आहे मला."

मग बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीवरून जुंपली. मर्लने कपाटातली सर्वांत दांडगी दुर्बीण काढली. हिच्यातून म्हणे चंद्रावरचे खड्डे मोजता येतात. आर्डिसने ती डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या खांबाचा एक खिळा तेवढा दिसला, खांब काही सापडेना.

"मला कोयोट दिसायला हवा, भावोजी, त्याच्या पिसवा नकोत," असं म्हणत तिने कमी ताकदीची, रुंद दिसणारी छोटी दुर्बीण निवडली.

डेल्मरने तिच्या हाताच्या मापाने खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता दीड इंच कापला आणि मान आखूड म्हणून दुर्बीण मागे सरकवून बसवली. "ही तुझ्याच मापाची झाली बरं का," त्याने बजावलं. "उंच माणसाने हिचा चाप ओढला तर झटक्यासरशी दुर्बिणीची कड थेट त्याच्या भुवईत घुसेल."

मर्ल पोट धरून हसला. "हे खेळणं? डेल्मर, तू साक्षीला आहेस. या बंदुकीने कानतुट्या मेला तर जन्मात कुरणाचं नाव काढणार नाही. पण तो जिवंत असताना कोकरं मोठी झाली, तर कुरण माझं."

"ठरलं," आर्डिस म्हणाली. डेल्मरला ही पैज रुचली नाही, कारण मर्ल दिलेला शब्द पाळायचा आणि दुसऱ्याकडूनही पाळून घ्यायचा.

पुढच्या आठवड्यात कानतुट्या तिला तीनदा दिसला आणि तीनदा तिची गोळी फुकट गेली. बंदुकीत खोट नव्हती. संधिवाताने बोटं वेळेवर वळत नव्हती, एवढंच. तिसरी गोळी चुकली त्या दिवशी ती गोठ्यात गवताच्या गंजीवर बसून रडली. त्या कुरणात नेल्सने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिथे मर्लची गुरं चरताना रोज खिडकीतून बघायची, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. मग तिने डोळे पुसले आणि घरात जाऊन कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मर्लला रोज सकाळी दालचिनीच्या गरम रोलचं आमंत्रण सुरू झालं. एवढंच सांगणं की, "गाडी खाली फाटकाशीच ठेवा हो, अंगणात कोकरं फिरतात." बिचारी हार मानायच्या बेतात आली, असं समजून मर्ल खूश झाला आणि चापून खाऊ लागला.

पाचव्या सकाळी आर्डिस गोठ्यात अडलेली मेंढी सोडवत होती. कोपरापर्यंत हात आत, आणि अचानक बाहेर बार झाला. कोकरू सुखरूप निघेपर्यंत ती जागची हलली नाही. बाहेर आली तेव्हा मर्लची गाडी गेलेली आणि बशीत अर्धा रोल तसाच पडलेला.

दुपारी ती गावातल्या खाणावळीत शिरली तेव्हा मर्ल रंगात आला होता. बाहेर त्याच्या गाडीत कानतुट्या पडला होता. "माझ्या बंदुकीने! टेकाडावर, अडीचशे पावलांवरून!" उजव्या भुवईवर मात्र चिकटपट्टी होती.

"हे काय लागलं, भावोजी?"

"गाडीचं दार."

"दार गोल होतं वाटतं," आर्डिस म्हणाली. चटकन पुढे होऊन तिने पट्टी ओढली, तसा मर्ल कळवळला. खाली अर्ध्या चंद्रासारखी ताजी खोक होती. काखेतल्या चादरीतून तिने रिकामी बंदूक बाहेर काढली आणि दुर्बिणीची कड खोकेला टेकवली. झाकण बसावं तशी बसली. कडेला एक पिकला केसही चिकटलेला होता.

खाणावळीत हसण्याचा जो गदारोळ उठला, त्यात मर्लचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस. टेकाडावर कोयोट दिसला की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. स्वतःची बंदूक खाली फाटकाशी गाडीत राहिलेली, म्हणून वहिनीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी होती तीच त्याने उचलली होती. आवाज ओसरल्यावर तो घसा खाकरत म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. कुरण तुमचं, वहिनी."

डेल्मर तिला गाडीपर्यंत पोचवायला आला. बंदूक मागे ठेवता ठेवता तो थबकला.

"आर्डिस, ही तर तू गोठ्यात टांगायचीस. भरलेली बंदूक स्वयंपाकघराच्या दाराशी कधीपासून?"

"रोल करायला लागले तेव्हापासून."

"आणि तो कोयोट..."

"अधूनमधून नाश्त्याच्याच वेळी घरासमोरच्या टेकाडावरून जायचा." तिने गाडीची किल्ली फिरवली. "अरे, बंदूक निवडून काय होतंय? नेम धरणाराही निवडावा लागतो. भावोजींसारखा नेम आहे का जिल्ह्यात कुणाचा?"