तिने सांगितलेलं दुखणं

गुडघा दुखत असलेल्या मुलीला मी खेळायला लावलं आणि नंतर तिच्या आईशी खोटं बोललो. पहिली चूक घाईत झाली. दुसरी मी शांत डोक्याने केली.

घाटकोपरच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी मुलींना बास्केटबॉल शिकवायचो. मेडलचं कौतुक चार दिवसांचं. खरा डोळा असायचा क्रीडा कोट्यातल्या नोकरीवर. ही मुलगी विक्रोळीच्या चाळीतली, टीममधली सगळ्यात उंच. वडील नव्हते, आई एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. रेल्वेच्या भरतीची चाचणी तोंडावर आली होती आणि तिची निवड आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

माझ्या कोर्टवर एक रीत होती. 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलीने दोन फेऱ्या जास्त पळायच्या. सिमेंटवर रोजच कुणाचं ना कुणाचं काही दुखायचं. कुरकुर थांबावी म्हणून मी हे सुरू केलं. थांबलीही. पालकांना मी ते अभिमानाने सांगायचो.

उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात ती लंगडत माझ्याजवळ आली.

"सर, गुडघा सटकतोय. आतून."

"मग पळून येतेस का दोन फेऱ्या?"

बाकीच्या हसल्या. तीही हसली. मीच खाली बसून पट्टी घट्ट बांधली. "आजच्या दिवस काढ गं. भरतीवाले बघायला आलेत."

रिबाउंडसाठी ती उडाली आणि खाली आली ती किंचाळतच. लिगामेंट तुटलं होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आई धापा टाकत पोचली. "सर, हिला आधीपासून दुखत होतं का?"

"मला काही बोलली नाही ती."

मुलगी शेजारीच स्ट्रेचरवर होती, शुद्धीत. आईने तिथेच तिला फैलावर घेतलं. "तोंड नव्हतं तुला? सरांना सांगायला काय झालं होतं?" तिने मान भिंतीकडे वळवली. मी औषधं आणायला निघून गेलो.

चाचणी हुकली, खेळ सुटला. आता ती एका मॉलमध्ये बिलिंगला उभी असते. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की पोरीने स्वतःच्या हाताने नोकरी घालवली. हे मला मुलीच्या टीममधल्या एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं, आणि त्यानंतर मला कोर्टवर शिट्टी वाजवणं जड जाऊ लागलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं.

"काय सर, वाट चुकलात?"

आईने चहा ठेवला. "तुम्ही एवढी मेहनत घेतलीत सर, हिनेच माती केली."

"आई, पुरे ना," ती म्हणाली.

"ताई, तिने मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "मध्यंतरातच. मी थट्टेवारी नेलं आणि मग तुमच्याशी खोटं बोललो. तिची नोकरी मी घालवली." मग मी मुलीकडे वळलो. "तू गप्प राहिलीस आणि मी इतकी वर्षं त्याच्याआड लपलो. मला माफ कर."