आचाऱ्याचं अस्वल

व्हिसाचे कागद अडकले आणि माझी नोकरी थांबली. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या घरात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की झिजलेल्या कार्पेटमधून खालच्या बेसमेंटमधला दिवा दिसायला लागला. बायको म्हणाली, "बाहेर जा, दुसऱ्या माणसांना छळ." म्हणून दर शनिवारी तासभर ड्राइव्ह करून मी बंदरावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये फुकटात गाइड झालो.

तिथे एका लाकडी जहाजाचे अवशेष होते. सील प्राण्यांच्या शिकारीसाठी बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात त्यावर तोफ बसवून त्याला ग्रीनलंडच्या बर्फात पहाऱ्यावर धाडलं होतं. उरलं काय, तर एक सुकाणू, काचेच्या कपाटात हातोड्यासारखी एक लाकडी मोगरी आणि नोंदवहीची प्रत. तीत पानोपानी बर्फ, वारा, पुन्हा बर्फ. एवढ्यावर माणसं थांबतात होय? मी जहाजावर ध्रुवीय अस्वल चढवलं, आचाऱ्याकडून त्याला झाऱ्याने बडवून घेतलं. थँक्सगिव्हिंगपर्यंत अस्वलं तीन झाली, त्यातलं एक गाभण.

एकदा गोष्ट संपली, लोक हसत पुढे गेले. ऐंशीच्या घरातले एक आजोबा मात्र हलेनात.

"तो आचारी माझा बाप," ते म्हणाले. "अस्वल खरंच होतं?"

मी सुकाणूवरची धूळ पुसायला लागलो.

"तो कधी स्वस्थ बसला नाही हो. हिवाळ्यात जेवता जेवता उठायचा आणि हातोडा घेऊन पायऱ्या, कुंपण, माझी सायकल ठोकत सुटायचा. शेजारी वेडा म्हणायचे. एकदा मीही म्हणालो, तोंडावर. अस्वलाला घाबरून तसा झाला असेल, तर मला कळू दे."

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

"अस्वल माझ्या पदरचं," मी म्हणालो. "पण थांबा."

माझी बोटं नोंदवहीत धावू लागली. सापडलं. 'दोरखंडांवर बर्फ. जहाज कलतंय. आचाऱ्यासह सगळे मोगऱ्या घेऊन डेकवर.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

"साचलेला बर्फ झोडून पाडला नाही, तर वरच्या वजनाने जहाज उलटतं," मी सांगितलं. यात पदरचं काही नव्हतं.

आजोबांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. "सायकलसुद्धा," ते पुटपुटले. "सायकल कुठे बुडणार होती, बाबा?"

मग त्यांनी कपाटाकडे बघितलं. हात लावायला सक्त मनाई. किल्ली माझ्याच खिशात. मी मोगरी काढून दिली. त्यांनी सुकाणूवर हलकेच ठोकलं, मग जोरात, मग आणखी जोरात.

ऑफिसातून मॅनेजरीणबाई ओरडल्या, "काय चाललंय तिकडे?"

"अस्वल आलंय!" मी ओरडलो.