माश्यांना आवतण देणारे साहेब

सडक्या मासळीचा भुगा शेतात स्वतःच्या हातानं पसरून माश्यांना आवतण देणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. त्या दुष्काळी वर्षांत तेरच्या शिवारात असा वास सुटायचा, की एसटी आमच्या फाट्यावर थांबत नसे आणि कावळे लोहाऱ्यावरून वळसा घालून जात. माझं शेत त्यांच्या बांधाला लागून. माझ्या नाकाचे हाल तुम्हीच ओळखा.

सरकारनं त्यांना ज्वारीच्या खोडमाशीवर नेमलेलं, म्हणून गावासाठी ते माशीसाहेब. प्लॉटवर ज्वारीचे नाना वाण पेरायचे, वासानं माशी बोलवायची आणि कुठला वाण तगतो ते बघायचं, हे त्यांचं काम. ही माशी कोवळ्या रोपावर अंडं घालते, अळी आत शिरते आणि मधला पोंगा सडतो. साहेब तो सडका पोंगा उपटून अत्तरासारखा हुंगत. मग नखानं चिरून अळी तळहातावर वळवळायला सोडत आणि त्याच हातानं माझ्या भाकरीचा तुकडा मोडत. उरलेली भाकरी मी कुत्र्याला टाकायचो. कुत्रंही आधी विचार करायचं.

एकदा मी विचारलंच, "साहेब, पगार तर घरी बसूनबी मिळतो. ही घाण कशापायी?"

"अहो, मागच्या हंगामात सगळे वाण मेले, पण सास्तूरचा हा गावठी वाण उभाच राहिला! माशी येते, बसते, अंडं न घालता उडून जाते. का? त्यापायी मला झोप नाही हो. यंदाच्या पेऱ्यात पुन्हा खात्री झाली, की तुमची कीड मारायची पावडर सुटली."

पावडर विकायची आमची सोसायटी. तिच्या चेअरमनला कळलं, की मोठे अधिकारी प्लॉट बघायला येणार. "पाव्हणे येनार अन् पीक मेलेलं दिसनार? गावाची इज्जत हाय का न्हाय?" साहेब धाराशिवला गेलेले बघून त्यानं भुगा झाडून काढला आणि नुकत्याच उगवलेल्या अख्ख्या प्लॉटवर पावडर मारली.

अधिकारी आले तेव्हा झाडून सगळे वाण हिरवेगार. "वा! एकही पोंगा मेला नाही! तुमचं काम पुढं चालू ठेवू."

चेअरमन माशीसाहेबांच्या कानाला लागला, "व्हय म्हना की, साहेब!"

अळीला कुरवाळणाऱ्या त्या माणसाच्या तोंडावर मी तेव्हा पहिल्यांदा शिसारी पाहिली. "सर, हे पीक खोटं आहे. पावडर मारलीय. कुठला वाण स्वतःच्या जोरावर तगला, ते आता कळणार नाही."

मोठ्या साहेबांचं तोंड आंबलं. महिन्याभरात काम बंद झालं आणि माशीसाहेबांची बदली झाली. आम्ही पावडर घेतच राहिलो.

त्या दिवशीचा फोटो सोसायटीत अजून टांगलाय. चेअरमनच्या गळ्यात हार, अधिकारी हसतायत, मीही निर्लज्जासारखा दात काढून उभा. कोपऱ्यात कुणाची तरी पाठ दिसते. ते माशीसाहेब. कॅमेऱ्याकडं पाठ करून, गुडघ्यावर बसून ते मेलेल्या माश्या वेचत होते.