चांदीची बैलगाडी आणि साबणाच्या डब्या

टेबलावर काही उरलं नव्हतं. हत्ती नाही, मोर नाही, करंडा नाही, अत्तरदाणी, गुलाबदाणी, चमचा नाही, आणि बैलगाडी तर नाहीच. लाल कापड तेवढं होतं आणि त्याच्या कडेने बारक्या दिव्यांची माळ लुकलुकत होती. माझी सगळी चांदी गल्लीतल्या बायकांनी पिशव्यांत घालून नेली होती, आणि जाताना माझ्या नातसुनेला तोंडभरून आशीर्वाद देऊन गेल्या होत्या.

नातसून मसाला दुधाचा ट्रे हातात धरून भिंतीला टेकली होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून काळी साडी आणि अंगभर हलव्याचे दागिने. मुकुट एका कानावर आला होता.

"आजी," ती म्हणाली, "वाण दिलं गेलं."

"दिलं गेलं म्हंजे? वाण तर हितं हाय!"

स्वयंपाकघराच्या दाराशी खोका होता, त्याला मी पाय लावला. आत साबणाच्या प्लास्टिकच्या डब्या. एकही हलली नव्हती. ते पाहून ती रडायला लागली आणि गळ्यातला हलवा भिजून साडीला चिकटला.

मी हे घडताना तिथे नव्हते. नवरा गेल्यापासून मी हळदीकुंकवात बसत नाही. मला कोणी अडवत नाही आणि बस असंही म्हणत नाही. मी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. पुढून हसणं ऐकू येत होतं, तेव्हा मला वाटलं, चांगलं चाललंय.

आमचं गाव कर्जत-चौक रस्त्याला. आमच्या गल्लीत वाण हातात देत नाहीत. टेबलावर कापड घालून मांडतात, सगळ्यांत मोठी सवाष्ण पहिली वस्तू उचलते, मग बाकीच्या तुटून पडतात. जिच्या हाताला जे लागेल ते तिचं. नातसून कल्याणची. तिच्या बिल्डिंगीत घरची बाई एकेकीला कुंकू लावून वाण हातात देते. आमची रीत तिला कोणी सांगितली नव्हती, कारण गल्लीला ती सांगायची गोष्टच वाटली नव्हती. तिने टेबलावर शोभेला चांदी मांडली, दिवे लावले आणि ती दूध आणायला आत गेली. वाण नंतर खोक्यातून काढणार होती. तेवढ्यात शेजारणीने हाक दिली, "घ्या गं बायांनो!" आणि स्वतः बैलगाडी उचलली.

ट्रे घेऊन नातसून बाहेर आली तेव्हा निम्मं टेबल साफ झालं होतं. तिला आधी वाटलं, बघायला उचलतायत. मग पिशव्यांच्या चेनी बंद व्हायला लागल्या. एकीने मोर दाताखाली धरून बघितला, खरा की जर्मन. दोघींना काहीच मिळालं नाही, त्या तोंड पाडून गेल्या.

"तू बोलली का नाय?"

"काय बोलू? सगळ्या म्हणत होत्या, कल्याणची सून, मोठ्या मनाची."

चांदी माझ्या माहेरची असेल असं लोकांना वाटतं. माहेरून मी एक ट्रंक आणली आणि चौथी पास झाल्याचा कागद. बाकी सगळं माझं. आधी दूध विकलं, वाल विकले. पुढे आजूबाजूला फार्महाऊस झाली, तिथल्या पाहुण्यांना शनिवार-रविवार तांदळाच्या भाकऱ्या करून दिल्या. पदराला चार पैसे जमले की कर्जतच्या बाजारात सोनाराकडे जायचं आणि एक वस्तू आणायची. सोनं घेतलं नाही. सोनं घेतलं की ते सुनेला की लेकीला यावरून घर पेटतं. चांदीच्या हत्तीवरून कोणी भांडत नाही. नवरा म्हणायचा, "ह्या हत्तीला काय खायला घालशील?" मी म्हणायचे, "तुमच्यापेक्षा कमी खातो."

चांदीचा उपयोग काय, असं मला पुष्कळांनी विचारलं. काही नाही. चकाकते. मला चकाकणारं आवडतं.

बैलगाडी त्यांत सगळ्यांत लाडकी. तळहातावर मावते. चाकं खरंच फिरतात, बैलांच्या गळ्यात मोहरीएवढ्या घंटा. दुसऱ्या कोणीतरी सोनाराला करायला सांगितली होती आणि न्यायला आलाच नाही. मी ती दुकानात टेबलावर चालवून बघितली. सोनार म्हणाला, "आजी, नातवाला का?" मी म्हटलं, "नातवाने हात लावला तर हात मोडीन."

हे सगळं मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. नातसून घरात आली आणि थोड्याच दिवसांत तिने तो डबा उघडला. "आजी! एवढं सुंदर सामान, आणि तांदळाच्या कोठीमागे?" मग आम्ही दोघी पांढरं दंतमंजन घेऊन बसलो. चांदी काळी पडते, तिला दंतमंजनासारखं दुसरं काही नाही. दुपारभर घासत होतो. हात काळे, नाकं पांढरी. तिने हत्ती फ्रिजवर ठेवला, मोर टीव्हीजवळ, करंडा खिडकीत. मग मी हत्ती टीव्हीजवळ ठेवला आणि मोर फ्रिजवर. मग तिने परत बदललं. जेवायची वेळ झाली तरी आमचं ठरेना. नातू कामावरून आला आणि म्हणाला, "घरात लग्न हाय का?" गुडघे दुखणारी मी, त्या दिवसांत घरभर उड्या मारत होते म्हटलं तरी चालेल.

आणि आता घर धुवून नेल्यासारखं झालं होतं.

"मी जाते न् मागते," मी म्हटलं.

नातसुनेने माझा पदर धरला. "नको आजी. वाण परत मागतात का कोणी? माझं पहिलं वाण आहे. जन्मभर मला तेच म्हणतील, वाण मागून नेणारी."

हे खरं होतं. आमच्या गल्लीत एकीने लग्नात श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं होतं, तिला नातवंडं झाली तरी श्रीखंडवाली म्हणतात.

"बरं, मागत नाय," मी म्हटलं. "पण सोडतबी नाय."

रथसप्तमीपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी हळदीकुंकू असतं. दुसऱ्या दिवशी नातसून निघाली तेव्हा मीही नवं पातळ नेसले. ती बघतच राहिली. "तुम्ही येणार?"

"माझा हत्ती कुठं हाय ते बघायला नको?"

पहिल्या घरात मी उंबरा ओलांडला. कुंकवाची वाटी घेऊन उभी असलेली बाई तशीच थांबली. मला लावावं की नाही, तिला कळेना.

"आजी, तुमी?"

"का? विधवेला तीळगूळ कडू लागतो का?"

कोणीतरी फस्सकन हसलं आणि मला खुर्ची मिळाली. कुंकू राहिलं, तीळगूळ मिळाला. समोर टीव्हीच्या डोक्यावर माझा हत्ती. त्याच्या पाठीवर प्लास्टिकचं गुलाबाचं फूल ठेवलं होतं. मला असा राग आला आणि असं हसू आलं, की लाडू घशात अडकला. नातसून माझ्या पाठीत थापट्या मारत होती आणि तीही हसत होती.

मग आम्हाला चटकच लागली. रोज चहा झाला की आम्ही निघायचो. करंडा एकीने खरंच वापरायला काढला होता. अत्तरदाणीत दुसरीने खोबरेल भरलं होतं, ते मी हाताचा वास घेऊन ओळखलं. मोर एका घरात देव्हाऱ्यात बसला होता आणि त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. घरी येऊन आम्ही दोघी पोट धरून हसायचो, आणि हसून झालं की मी रिकाम्या फ्रिजकडे बघायची. चांदी कुठे आहे ते कळत होतं, ती घरी येत नव्हती.

चांदीचा चमचा एका सुनेने शिळफाट्याला राहणाऱ्या बहिणीच्या तान्ह्याला उष्टावणाला देऊन टाकला होता. लेकराच्या तोंडातला चमचा काढायला मी गेले नाही. पण तो चांगला जड चमचा होता.

शेजारणीने हळदीकुंकू अगदी शेवटी, रथसप्तमीला ठेवलं. ती माझ्याहून थोडी लहान, पण गल्लीत सवाष्णींमध्ये सगळ्यांत मोठी, म्हणून मान तिचा. तोंडाने तिखट. माझ्या नवऱ्याला तिचा नवरा दादा म्हणायचा, म्हणून मी तिची वयनी.

आम्ही आत गेलो. बाकीच्या बायका आधीच जमल्या होत्या. टेबल बघून मी नातसुनेचा हात दाबला. लाल कापड. कडेने दिव्यांची माळ, आमची बघून आणलेली. कापडावर चहाच्या गाळण्या मांडलेल्या, ते वाण. आणि मधोमध, शोभेला, माझी बैलगाडी. गाडीत तिळाच्या वड्या भरलेल्या, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या पाकळ्या.

"वयनी, बघ, तुझ्या नातसुनेचं वाण कसं शोभतं!" शेजारीण म्हणाली.

"शोभतं खरं."

कुंकू झालं, पान-सुपारी झाली. शेजारणीने पदर खोचला. "घ्या गं बायांनो!"

बायका गाळण्यांकडे वळायच्या आधी मी हात लांब केला आणि बैलगाडी उचलली. तिळाच्या वड्या कापडावर सांडल्या. घंटा वाजल्या.

बायका गाळण्या सोडून माझ्याकडे वळल्या. वाणाला विधवेने पहिला हात घातला, हे एक. आणि वाण सोडून बैलगाडी उचलली, हे दुसरं.

"अगं म्हातारे!" शेजारीण ओरडली. "ठेव ती! ते वाण नाय, ते डेकोरेशन हाय!"

"मंग आमचं काय होतं?"

"तुमचं?"

"आमचंबी डेकोरेशनच होतं. वाण खोक्यात होतं. साबणाच्या डब्या."

नातसुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हत्तीवालीने मोरवालीकडे बघितलं, मोरवालीने करंडेवालीकडे. मग कोपऱ्यातून एकजण बोलली, जिला त्या दिवशी काहीच मिळालं नव्हतं ती: "तरीच म्हटलं, संक्रांतीला हत्ती कोण देतं!"

आणि फुटलं हसू. एक बाई जमिनीवरच बसली. एकीचं दूध नाकातून आलं. शेजारीण खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली, "आगं बया, मी सगळ्यांच्या आधी उचलली!" आणि अशी हसायला लागली की तिचा नवरा आतून विचारायला आला, काय झालं. त्याला कोणी सांगितलं नाही.

"एवढे दिवस बोलली का नाय गं तू?" हसू ओसरल्यावर शेजारणीने मला विचारलं.

"हिचं पहिलं वाण. मागायचं कसं?"

शेजारीण एकदम गंभीर झाली. "ते खरं. दिलेलं वाण परत घेऊ नये. तुझ्या नातसुनेला बाधायचं. बैलगाडी मी देणार नाय बघ."

"तू देऊ नको. मी मागितलीबी नाय. तुझ्या टेबलावर होती, तू घ्या म्हणाली, मी घेतली."

तिने थोडा विचार केला. बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण ती जे म्हणेल ते गल्लीत चालतं.

"हे बरोबर हाय," ती म्हणाली. "आणा गं सगळ्या आपापलं, मांडा हितं. वयनी उचलंल."

बायका पळाल्या. पाचएक मिनिटांत हत्ती आला, पाठीवरच्या गुलाबासकट. मोर आला, कुंकवाने लाल झालेला. करंडा आला. गुलाबदाणी आली. अत्तरदाणी खोबरेल गाळत आली. लाल कापडावर सगळं मांडलं आणि मी एकेक उचललं. प्रत्येक वेळी बायका टाळ्या वाजवत होत्या, नटीला वाजवाव्यात तशा. मला आता सांगायला लाज नाही, मी दर वस्तूला जरा वेळ लावला.

मग नातसून धावत घरी गेली आणि खोका घेऊन आली. कल्याणच्या पद्धतीने तिने एकेकीला कुंकू लावून साबणाची डबी हातात दिली. माझ्यापाशी आली, थांबली, आणि मलाही दिली. कुंकवाचं बोट तिने वर आणलं तेव्हा मी म्हटलं, "हळद लाव, कुंकू मला पुसायचा कंटाळा येतो." तिने हळद लावली.

गाळणी मी घेतली नाही. नको होती.

नातवाने पगारातून काचेचं कपाट करून घेतलं. चांदी आता त्यात असते, दिव्यासकट. हत्ती वर की मोर वर, यावरून आमचं अजून वाजतं. संक्रांतीला कपाटाला कुलूप लावतो. शेजारीण दुपारी यायची, बैलगाडी बाहेर काढायला लावायची आणि फरशीवर चालवायची. म्हणायची, "माझीच हाय ही, तू लुटून नेली." मी म्हणायचे, चोराच्या उलट्या बोंबा कशाला मारतेस. चाकात तेल तीच घालायची.

गेल्या भाद्रपदात ती वारली. आता चाकात तेल नातसून आणि मी घालतो.