मारिबच्या धरणाची वीस मिनिटे

त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका मी अजून टाकून दिलेली नाही. पिवळसर जाड कागद, वर गणपती, खाली कौन्सिलचे चिन्ह, आणि पाचव्या ओळीत मीच टाइप केलेला मजकूर: ‘प्राचीन दक्षिण अरबस्तान: सबाची राणी आणि मारिबचे धरण. वीस मिनिटे.’ त्या वीस मिनिटांपैकी प्रत्यक्षात सहा दिली गेली. नेमकी सहा, हे मी सांगू शकतो, कारण सूत्रसंचालक मी होतो आणि घड्याळ माझ्यासमोर होते.

ज्यांची ती वीस मिनिटे होती, ते गृहस्थ आमच्या ऑफिसच्या इमारतीत रिसेप्शनवर बसत. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या बिझनेस पार्कमध्ये मी गेली अठरा वर्षे नोकरी करतो. येमेनमध्ये ते शाळेत इतिहास शिकवत असत. इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना गळ्यात अडकवायचे पास देत. साठी उलटलेली, दाढी नीट कापलेली, शर्टाचे वरचे बटण नेहमी लावलेले. मी त्यांना ‘उस्ताद’ म्हणे. ते मला ‘या मुहंदिस’ म्हणत, म्हणजे ‘अहो इंजिनिअरसाहेब’. बाकी सारे बोलणे इंग्रजीत चाले.

आमची ओळख धुपामुळे झाली. त्यांच्या टेबलाच्या खणात एक लहानसा पत्र्याचा डबा होता. एका सकाळी तो उघडा असताना मी समोरून गेलो आणि थांबलो. पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई दर गुरुवारी संध्याकाळी धुपाटणे फिरवीत असे, तो वास. मी तसे सांगितल्यावर ते हसले.

“म्हणजे आमचा माल पोहोचला म्हणायचा,” ते म्हणाले. “आमच्या झाडांचा चीक. उंटांवरून निघाला, जहाजात चढला आणि तुमच्या देवांपुढे जळाला. पावती मात्र कुणी पाठवली नाही.”

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसू लागलो. सबाचे राज्य, धुपाचे मार्ग, राणीची बातमी घेऊन जाणारा तुऱ्याचा पक्षी, आणि वाळवंटात बागा पिकवणारे ते मारिबचे धरण, हे सगळे मी डबा खाता खाता ऐकले. एकदा त्यांनी सहज विचारले, “तुमचं मराठी मंडळ कौन्सिलच्या हॉलमध्ये वारसा दिवस करतं ना? इतर देशांच्या लोकांनाही बोलावतं?”

मी हो म्हणालो. मग त्यांनी खरे कारण सांगितले. त्यांची मुलगी लंडनच्या कडेला इल्फर्डला राहते, फार्मसीत काम करते. तिची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत कुणी ‘तुझे आजोबा कुठले?’ असे विचारले की नात सांगते, इल्फर्डचे.

“कारण येमेन म्हटलं की तिला टीव्हीवरचं पडकं घर आठवतं,” ते म्हणाले. “आणि माझी मुलगी म्हणते, बाबा, पोरीला कशाला त्यात ओढता? घरात मी गोष्ट काढली की दोघी फोनमध्ये बघतात. पण मंचावरून सांगितली, समोर दोनशे माणसं गप्प बसून ऐकताहेत असं दिसलं, तर? एकदाच दिसायला हवं, या मुहंदिस. मुलगी यायचं म्हणाली आहे. पहिल्यांदाच.”

मी शब्द दिला. आम्ही सहा आठवडे तयारी केली. त्यांचे इंग्रजी मी सुधारले, चित्रांच्या स्लाइड्स मी बनवल्या. त्यांची एकच मागणी होती, की गोष्ट सांगताना आपल्या आईच्या मातीच्या धुपाटण्यात थोडा धूप जळावा. “त्याच्याशिवाय ती नुसती माहिती होते,” ते म्हणाले. हॉलच्या व्यवस्थापकांची परवानगी काढायचे मी कबूल केले.

इथपासून माझी चूक सुरू होते. हॉलला मी ईमेल पाठवला तो आमच्या समईसाठी. दीपप्रज्वलनाशिवाय आमचा कार्यक्रम सुरू होत नाही. पाच वाती, स्टीलचे ताट, जवळ पाण्याची बादली, सारे सविस्तर लिहिले. धुपाटण्याचे वाक्य लिहून झाले होते. ते मी खोडले. एकाच पत्रात दोन आगी मागितल्या तर दोन्ही नाकारतील, असा हिशेब मी मनाशी केला. पुढे वेगळे लिहू म्हटले आणि लिहिले नाही. सत्काराच्या नारळांसाठी मात्र मी एक अख्खा शनिवार घालवून लंडनमध्ये वेम्बलीला जाऊन आलो होतो.

सत्कार ही आमची जुनी खोड आहे. बेसिंगस्टोकमध्ये इतकी वर्षे काढूनही ती सुटलेली नाही. एकाला शाल दिली की दुसऱ्याला नुसते फूल देता येत नाही, आणि एक जण राहिला तर त्याच्या घरचे वर्षभर आपल्याशी तिरके बोलतात. पत्रिकेत पाच सत्कार होते. कार्यक्रमाच्या सकाळी साडेनऊला मंडळाच्या खजिनदाराचा, म्हणजे माझ्या मित्राचा, फोन आला.

“अरे, यादी अपडेट कर. अकरा झालेत.”

“अकरा? रात्रीपर्यंत पाच होते.”

“डॉक्टरांचे मेहुणे पुण्याहून आलेत. त्यांना दिला की ढोल पथकाच्या ट्रेनरना द्यायला हवा, आणि मग हॉल बुक करणाऱ्या वहिनींना कसं टाळणार? तू टाळून दाखव.”

डॉक्टर म्हणजे आमचे अध्यक्ष, इथल्या हॉस्पिटलात आयुष्य काढलेले निवृत्त सर्जन. त्यांच्यापुढे आम्ही कुणी मोठ्याने बोलत नाही.

“वेळ कुठून आणू?” मी विचारले.

“तुझा तो सुलतान आहे ना, त्याचा स्लॉट ट्रिम कर. पाच मिनिटं पुष्कळ झाली. आणि त्याला सांग, उंट पे-अँड-डिस्प्ले पार्किंगमध्ये लाव, नाहीतर तिकीट लागेल.”

मी हसलो. आणि ते खोटे हसू नव्हते.

उस्ताद अकराच्या सुमारास घरून निघणार होते. मुलगी आणि नात वॉटर्लूहून गाडी पकडणार होत्या. माझ्याजवळ दीड तास होता. ‘आज वेळ कमी मिळतोय, मुलीला पुढच्या खेपेला बोलवा’ एवढे एक वाक्य, किंवा डॉक्टरांना ‘हे बरोबर नाही’ एवढे एक वाक्य. दोन्ही मला येत होती. मी शर्टाला इस्त्री केली. मी हळू बोलणारा, कुणाला न दुखावणारा माणूस आहे, अशी माझी ख्याती आहे. ती कशाने कमावली जाते, हे मला त्या सकाळी ठाऊक होते.

हॉलमध्ये ते माझ्या आधी पोहोचले होते. तपकिरी कोट, कडेवर लहान मूल धरावे तसे टॉवेलमध्ये गुंडाळलेले धुपाटणे. मी म्हणालो, “उस्ताद, स्मोक अलार्मची अडचण आहे. पेटवता येणार नाही. नुसतं टेबलावर ठेवू.” त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासाने समईच्या पाचही वाती पेटल्या, टाळ्या झाल्या, धुराची एक रेघ छताकडे गेली. अलार्म वाजला नाही. ते पहिल्या रांगेत बसून पाहत होते. शेजारी मुलगी, तिच्यापलीकडे नात, पायांत नवे पांढरे बूट.

सत्कार चालले. शाल, नारळ, फोटो, पुन्हा फोटो, कारण मेहुण्यांचे डोळे मिटलेले आले होते. पाचव्या ओळीशी आलो तेव्हा आम्ही चाळीस मिनिटे मागे होतो. मी त्यांना मंचावर बोलावले. वेळ कमी आहे, हे तेव्हाही सांगितले नाही.

राणीची गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली आणि थेट धरणावर आले. आवाज शिक्षकाचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मारिबचा एक राजा होता. एका जाणत्या बाईने त्याला बजावले, की धरणाकडे जा, तिथे उंदीर दगड उकरताना दिसला तर समज, की धरण फुटणार. राजा एकटाच गेला. भिंतीच्या पायाशी त्याने पाहिले, की पन्नास माणसांना न हलणारा दगड एक उंदीर मागच्या पायांनी सरकवतो आहे. हॉल खरोखरच गप्प झाला होता. नातीने हनुवटी दोन्ही मुठींवर टेकवली होती. तिच्या आईचा फोन पर्समध्ये होता. हे दोन्ही मी पाहिले.

विंगेतून मित्राने मनगटावर बोट आपटले. डॉक्टर घड्याळ पाहत होते. मी मंचावर गेलो, उस्तादांच्या कोपराला हात लावला आणि पुटपुटलो, “उस्ताद, दोन मिनिटांत आवरा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, “राजाने उंदीर पाहिला. धन्यवाद.”

लोकांना वाटले, गोष्ट एवढीच. टाळ्या पडल्या. मी माइक घेऊन उरलेल्या सत्कारमूर्तींची नावे वाचू लागलो. सातवे नाव वाचताना त्या दोघी उठल्या. मुलगी नातीचा कोट घालत होती आणि त्यांना काहीतरी म्हणत होती. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. तो असा होता, की हे असेच होणार हे आपल्याला आधीपासून माहीत होते. ते त्यांच्यामागून गेले. धुपाटणे टेबलावर राहिले, ते मी घरी आणले. ‘तेलही गेले, तूपही गेले’ ही म्हण बायकोच्या ओठांवर आली होती. माझा चेहरा पाहून ती थांबली. तशीही ती म्हण मला लागू नव्हती. माझे काहीच गेले नव्हते. संध्याकाळी डॉक्टरांनी सूत्रसंचालनाचे कौतुक करणारा मेसेजही पाठवला होता.

सोमवारी उस्तादांनी मला नेहमीसारखी ‘सबाह अल-खैर, या मुहंदिस’ अशी सकाळची सलामी दिली. त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. दुपारी मी माझ्या टेबलावरच डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. काही महिन्यांनी इमारतीत कार्डाने उघडणारी फाटके बसली आणि रिसेप्शनचे टेबल गेले. ते इल्फर्डला मुलीकडे राहायला गेले, हे मला सफाई कामगार बाईंकडून कळले.

धुपाटणे आमच्या शोकेसमध्ये वर्षभर राहिले; परत द्यायचे तर तो विषय काढावा लागला असता. पाहुणे विचारत, “कुठून आणलंत? छान अँटिक आहे.” शेवटी एका शनिवारी मी ते त्याच टॉवेलमध्ये गुंडाळले आणि पत्ता मिळवून इल्फर्ड गाठले.

दार मुलीने उघडले. “या,” एवढेच म्हणाली आणि आत गेली. उस्ताद थकले होते. बटण मात्र लावलेले होते. मी धुपाटणे समोर ठेवले आणि रस्ताभर जुळवलेली माफी सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवले, कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि कोळसा पेटवायला घेतला.

“घरात चालतं?” मी विचारले.

“परवानगी काढून ठेवली आहे,” ते म्हणाले. “मुलीला विचारलं. एका वाक्याचं काम होतं.”

मी मान खाली घातली. हॉलच्या व्यवस्थापकांना त्यांनी त्याच दिवशी दारात धुपाबद्दल विचारले असणार, आणि मी परवानगी मागितलीच नव्हती हे कळले असणार. तेव्हापासून ते त्यांना ठाऊक होते, आणि तरी रिसेप्शनचे टेबल जाईपर्यंत त्यांनी मला रोज ‘सबाह अल-खैर’ म्हटले होते.

धूर पसरला तशी नात खोलीत आली. तिने मला ओळखले. “तुम्ही माइकवाले ना?” मग आजोबांकडे वळून म्हणाली, “आता सांगा ना पुढचं. उंदीर बघितल्यावर राजाने काय केलं? मी कितीदा विचारलं यांना.”

“यांना विचार,” उस्ताद म्हणाले. “यांना पाठ आहे.”

मला पाठ होते. मी सांगू लागलो. राजा घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही. त्याने मुलाला एकांतात सांगितले, की उद्या मेजवानीत मी तुझ्यावर रागावेन, तेव्हा सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मार. मुलाने मारली. राजाने शपथ घेतली, की जिथे पोटच्या पोराने हात उचलला तिथे मी राहणार नाही, आणि बागा विकायला काढल्या. शेजाऱ्यांनी आनंदाने घेतल्या. तो आपली माणसे घेऊन निघून गेला. मग धरण फुटले.

“पण त्याला माहीत होतं!” ती म्हणाली. “त्याने शेजाऱ्यांना सांगितलं का नाही?”

उस्ताद कोळशावर फुंकर घालत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“सांगितलं असतं,” मी म्हणालो, “तर त्याला त्यांच्याबरोबर तिथे उभं राहावं लागलं असतं.”

“म्हणजे दुष्ट होता.”

“नाही,” उस्ताद वर न पाहता म्हणाले. “सभ्य होता.”

तिचे समाधान झाले नाही. “मग तो दुसऱ्या देशात गेला, तिथे सुखात राहिला का?”

मी उस्तादांकडे पाहिले. या ठिकाणी ते काहीतरी म्हणतील, असे मला वाटले.

“गोष्टीत ते सांगितलेलं नाही,” ते म्हणाले, आणि धुपाटणे माझ्यापुढून उचलून त्यांनी नातीच्या बाजूला सरकवले.